प्रोग्रेसिव्ह चष्मा: रस्त्यावर उत्तम, पेटीसमोर नापास

गेल्या नवरात्रानंतर मी प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा घेतला. फ्रेम १,८०० रुपये, काचा ९,५००, वर पाच टक्के जीएसटी, एकूण ११,८६५. हिशेब लिहिण्यातच जन्म गेला, म्हणून आकडा आधी सांगितला. नजरेच्या चष्म्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाचवर आला आहे. तुमच्या बिलावर अजून बारा दिसले तर गोड आवाजात विचारा, पण विचारा.

वय छप्पन्न. राहते मुंबईत लालबागला, नोकरी मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या एका पेढीत, आणि आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. हे सगळं सांगायचं कारण असं की चष्मा चांगला की वाईट हे त्यातून तुम्ही काय बघणार यावर ठरतं. दुकानात मात्र हा प्रश्न शेवटी विचारतात, किंवा विचारतच नाहीत.

माझा नंबर लांबचा +०.७५, अ‍ॅडिशन +२.२५, आणि डाव्या डोळ्याला थोडा सिलिंडर, म्हणजे उभ्या-आडव्या दिशेला नंबर वेगळा. अ‍ॅडिशन म्हणजे जवळचं वाचायला लांबच्या नंबरात घालावी लागणारी भर. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळ बघताना पूर्वीसारखं फुगत नाही, म्हणून चाळिशीत एक-सव्वाने सुरुवात होते. पंचावन्नच्या आसपास दोन-सव्वादोन आणि साठीला अडीच, असा साधारण सगळ्यांचा प्रवास. यात गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून काही उलटत नाही. मंडळातल्या बायकांनी मला दोन्ही करायला लावलं होतं.

आधी माझ्याकडे दोन चष्मे होते. लांबचा नाकावर आणि जवळचा साखळीने गळ्यात. करी रोड स्टेशनला इंडिकेटर बघायला एक, फोनवरचा मेसेज वाचायला दुसरा. सकाळी साडेआठच्या गर्दीत गळ्यातला चष्मा कुणाच्या पर्सच्या बंदात अडकायचा आणि मी मशीदला उतरताना ती बाई माझ्याबरोबर अर्धी खेचली जायची. तेव्हा ठरवलं की एकच चष्मा हवा. सासूबाईंचा बायफोकल होता, खाली चंद्रकोर असलेला. तो मला नको होता, कारण त्यात लांबचं दिसतं, हातभरावरचं दिसतं, आणि मधलं काहीच दिसत नाही.

प्रोग्रेसिव्हमध्ये ती कोर नसते. काचेचा नंबर वरून खाली हळूहळू वाढत जातो. वर लांबचं, मध्ये मधल्या अंतराचं, खाली वाचण्याचं. ही काच १९५९ साली फ्रान्समध्ये बाजारात आली, बर्नार मेतनाझ नावाच्या अभियंत्याने काढलेली. तेव्हापासून तिच्यात बरीच सुधारणा झाली आहे, पण एक गोष्ट कोणत्याही कंपनीला टाळता आलेली नाही. नंबर मध्यभागी बदलत नेला की दोन्ही बाजूंना धूसरपणा येतोच. तो पसरवता येतो, कडेला ढकलता येतो, नाहीसा करता येत नाही. त्यामुळे स्पष्ट दिसणारा भाग डमरूसारखा असतो: वर रुंद, खाली बऱ्यापैकी, आणि मध्ये कंबर बारीक. महागड्या काचांमध्ये ही कंबर थोडी सुटते, एवढंच. विक्रेता 'एज टू एज क्लिअर' म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला.

आता रस्त्याचं सांगते, कारण तिथे हा चष्मा खरोखर पैसे वसूल करतो. करी रोडच्या पुलावरून खाली उभी असलेली गाडी स्लो आहे की नाही ते दिसतं, आणि त्याच चष्म्यातून हातातलं तिकीटही वाचता येतं. मासे घेताना तर मी खूश आहे. लांबून कोणाच्या टोपलीत काय आहे ते कळतं, जवळ गेल्यावर कल्ला उचलून लाल आहे की काळपट ते दिसतं, आणि पैसे देताना फोनवरचा आकडा. पूर्वी त्या तीन गोष्टींसाठी माशाच्या हातांनी दोनदा चष्मा बदलायचा म्हणजे घरी आल्यावर साखळीसकट धुवावा लागे. मसाला गल्लीत काश्मिरी आणि बेडगी समोरासमोर ठेवून रंग बघते. भाव लिहिलेली पाटी लांब असली तरी आता मीच वाचते, भाव सांगणाऱ्याच्या तोंडावर विसंबत नाही. स्वयंपाकघरातही ठीक. फोडणीची मोहरी तडतडताना भांड्यात वाकायला लागत नाही. नखं काढणं, सुईत दोरा ओवणं, सगळं या एकाच चष्म्यावर होतं. फक्त हातातली वस्तू खाली धरायची आणि नजर खाली टाकायची.

पायऱ्यांवर सावध राहा. नवीन चष्मा घालून सवयीने खाली बघितलं की पायरी वाचण्याच्या भागातून दिसते, आणि तो भाग हातभर अंतरासाठी असतो, दीड मीटरवरच्या पायरीसाठी नाही. कड फसवी दिसते. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या लोकांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात बायफोकल-प्रोग्रेसिव्ह घालणाऱ्यांना पडण्याचा धोका जास्त आढळला, विशेषतः पायऱ्यांवर. उपाय साधा आहे, हनुवटी छातीकडे नेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी बघायची. पहिले काही दिवस मी कठडा धरून उतरत होते. मागून येणाऱ्या मुली 'काकू, जरा बाजूला' म्हणत होत्या आणि मी अजिबात बाजूला होत नव्हते. बाजूला बघायचं तर बुबुळ नाही, मान वळवायची. हीदेखील सवय लागते. दोन आठवड्यांत मला लागली. सगळ्यांना एवढ्यातच लागेल असं नाही, पण महिना उलटून गेला तरी डोकं गरगरत असेल तर 'सवय होईल' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. बहुधा माप चुकलेलं असतं.

मापाचं मला नीट माहीत आहे, कारण हा माझा दुसरा प्रोग्रेसिव्ह. पहिला एका मॉलमधल्या झगमगीत दुकानातून घेतला होता. नाव सांगत नाही, अशी दुकानं पुष्कळ आहेत. तिथल्या मुलाने मला खुर्चीत बसवून टॅबलेटने फोटो काढला, 'मॅडम, सरळ बघा' म्हणाला, आणि मी सरळ बघेपर्यंत मोजणी आटोपली होती. तो चष्मा घालून फोन वाचायचा तर हनुवटी छताकडे न्यावी लागत होती. परत गेले तर मॅनेजर म्हणाला, तुमची मान ताठ ठेवायची सवय वाईट आहे. आयुष्यभर पेटीसमोर मांडी घालून पाठ सरळ ठेवून बसलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे कमालच.

मग मी आमच्याच भागातल्या एका जुन्या दुकानात गेले. बापलेक चालवतात. दोन खुर्च्यांची जागा, आणि बाहेर पाटीवर अजून 'चष्मे व घड्याळे' लिहिलेलं, जरी घड्याळं केव्हाच गेली. काकांनी माझा मॉलवाला चष्मा हातात घेतला, काचेवर फुंकर घातली आणि उजेडाकडे तिरका धरला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर लेझरने कोरलेल्या दोन बारीक खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशनचा आकडा आणि नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. माझ्यावर '२२' होतं, म्हणजे सव्वादोन. काच बरोबर होती. काकांनी त्या खुणांवर मार्करने ठिपके दिले, कंपनीच्या तक्त्यावर चष्मा ठेवला, मधली फुली काढली आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला. ती फुली बुबुळाच्या मध्यावर यायला हवी. माझी चार मिलिमीटर खाली होती. आकाशाकडे बघून फोन वाचण्याचं रहस्य एवढंच. त्या खुणा मी घरी पट्टीने मोजल्या, ३४ मिलिमीटर बरोबर भरले. तुम्हीही तुमच्या काचेवर फुंकर घालून बघा. खुणा अजिबात सापडल्या नाहीत, तर तुम्हाला काय विकलं आहे ते विचारायला जा. मॉलवाल्यांनी हे सगळं दाखवल्यावर पुष्कळ वादावादीनंतर काचांचे पैसे परत केले, फ्रेमचे नाही.

काकांची मोजणी अशी झाली. आधी फ्रेम निवडली आणि नाकावर नीट बसवली, तिच्या कानामागच्या काड्या तापवून वाकवून. काच उभी किमान तीस मिलिमीटर हवी, म्हणून मला आवडलेली नाजूक फ्रेम त्यांनी परत खणात टाकली. मग ती रिकामी फ्रेम घालून मला उभं केलं, जशी मी एरवी उभी असते तशी. स्वतः समोर स्टूलवर बसले, त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीत. दोन्ही बुबुळांच्या जागी डमी काचेवर ठिपका दिला, दोन पावलं चालायला लावलं, ठिपका पुन्हा तपासला. नाकाच्या मध्यापासून उजवं आणि डावं बुबुळ वेगवेगळं मोजलं. माझं एक मिलिमीटरने वेगळं आहे. इतकी वर्षं एकाच आकड्याचे दोन भाग करून काचा बसवल्या जात होत्या. ही सगळी मोजणी चहा येईपर्यंत आटोपली, म्हणजे वेळ नाही ही सबब खरी नाही.

नंबर मात्र मी दुकानात काढून घेतला नव्हता. 'फ्री कॉम्प्युटर टेस्टिंग' म्हणजे फक्त नंबराचा अंदाज. या वयात डोळ्यांचा दाब आणि थेंब घालून पडदा तपासायला डॉक्टरच लागतात. काचबिंदू बराच काळ काही त्रास न देता नजर खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. आमच्या ह्यांना ओढून नेलं. त्यांचा दाब वरच्या काठावर निघाला, आता सहा महिन्यांनी परत जायचं आहे. चष्म्याच्या निमित्ताने एवढं झालं हे चांगलं झालं.

आता पेटी.

नव्या चष्म्याने पहिल्या गुरुवारी वही उघडली आणि माझा मूड गेला. पट्ट्या मला बघाव्या लागत नाहीत, त्या बोटांना माहीत आहेत. मंडळातल्या मुख्य गाणाऱ्या ताई काळी चारमध्ये गातात आणि हात आपोआप तिथे पडतो. प्रश्न वहीचा. अभंग पाठ असतात, पण नवीन चाल बसवताना ओळीवर पेन्सिलने स्वर लिहिलेले असतात, आणि गौळणीत कोरस कुठे उचलायचा त्याच्या खुणा. ही वही माझ्या पेटीच्या झाकणावर आडवी उघडी असते. या चष्म्यातून वहीचा एकच अरुंद उभा भाग स्पष्ट दिसत होता. ओळीच्या सुरुवातीला नाक, मग मध्याला नाक, मग शेवटाला नाक. डाव्या हाताने भाता ओढत, टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरवत बसले. तबल्यावर जाऊबाईंचा मुलगा असतो. तो म्हणाला, "काकी, तुम्ही नाही नाही का म्हणताय?"

घरी येऊन शिलाईची टेप काढली आणि डोळ्यापासून वहीपर्यंतचं अंतर मोजलं. साठ सेंटिमीटर. हिशेब पुढचा सोपा आहे. एकाला अ‍ॅडिशनने भागलं की त्या भागातून कुठलं अंतर सर्वांत स्वच्छ दिसेल ते मीटरमध्ये मिळतं. १ भागिले २.२५ म्हणजे ४४ सेंटिमीटर. पोथी हातात धरली तर बरोब्बर. साठ सेंटिमीटरवरची वही मात्र काचेच्या मधल्या भागात येते, आणि कंबर बारीक असते ती नेमकी तिथेच. ऑफिसात कॉम्प्युटरचा पडदा मोजला, पासष्ट. म्हणजे दिवसाचे सात तास टॅलीत हिशेब लिहिताना आणि संध्याकाळचे दोन तास पेटीवर माझी नजर डमरूच्या कमरेत अडकलेली. मानेच्या मागे जी रग लागत होती ती वयाची नव्हती.

काचेत दोष नव्हता, मापही या वेळी अचूक होतं. या अंतरासाठी ही काच केलेलीच नाही. कंपन्यांची त्याच्यावर 'ऑफिस लेन्स' असते, मधला भाग रुंद केलेली आणि लांबचं कापलेली. काकांच्या मुलाने तिचा भाव सांगितला तेव्हा मी फक्त पाणी मागितलं. काका म्हणाले, "ताई, पेटी वाजवताना तुम्हाला लांबचं बघायचंय का? मग साधी काच घ्या ना." लांबचा ०.७५, त्यात दीड मिळवून सव्वादोनचा एकाच नंबराचा चष्मा, डाव्या डोळ्याच्या सिलिंडरसकट. फ्रेम धरून १,१०० रुपये. त्यातून साठ आणि पासष्ट, दोन्ही अंतरं या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ दिसतात. दोन करून घेतले. एक ऑफिसच्या खणात असतो, एक पेटीच्या खोक्यात, सुरांच्या चोपडीबरोबर.

स्टेशनबाहेर पदपथावर तयार +२.२५चे चष्मे दीड-दोनशेला मिळतात, ते का नाही? ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे आणि सिलिंडर नाही, त्यांनी जरूर घ्यावेत, घरात चार ठिकाणी टाकून ठेवावेत. मला डावा डोळा आडवा येतो.

पेटीच्या चष्म्याचा एक तोटा आहे. समोर दोन मीटरवर बसलेल्या ताईंचा चेहरा पुसट दिसतो. त्या आलाप लांबवणार की गजरावर येणार हे मी त्यांच्या भुवयांवरून ओळखायचे. आता हात वर केला तरच कळतं. त्यावर त्यांचं म्हणणं, "पेटीवालीने कान उघडे ठेवावेत, डोळे कशाला?" बरोबर आहे, पण गणपतीत चाळीच्या मंडपात स्पीकर लागलेले असताना कान किती उघडणार? ताईंनी मध्येच वेगळी चाल काढली तर मी चष्म्याच्या वरून बघते. शाळेतल्या बाई बघायच्या तशी दिसते म्हणे.

काही किरकोळ गोष्टी. 'ब्लू कट'साठी जास्तीचे पैसे मी दिले नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२३ मध्ये सतरा चाचण्या एकत्र करून तपासल्या, त्यात पडद्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण या काचांनी कमी होतो असं काही दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. त्या पैशांत पेटीचा चष्मा आला. चकाकी कमी करणारं कोटिंग मात्र घ्या, रात्रीच्या गाड्यांच्या दिव्यांत फरक कळतो. हे कोटिंग उष्णतेने तडकतं, तेव्हा चष्मा काढून ओट्यावर शेगडीशेजारी ठेवायचा नाही. पदराने पुसायचा नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत कठीण गेली. नळाखाली धरून साबणाचा एक थेंब लावायचा आणि मऊ कापडाने टिपायचा. पावसाळ्यात एसी लोकलमधून उतरल्यावर काचा क्षणभर पांढऱ्या होतात. त्याला कोटिंगही काही करत नाही. दारातच थांबू नका, मागचे लोक ढकलतात.

काचांना तीन-चार श्रेणी असतात, नावं रोज नवी. मी मधली घेतली. वरची माझ्या नाकावर लावून दाखवायला सांगितली तर ट्रायलमध्ये ते जमत नाही म्हणाले. जे दाखवता येत नाही त्याचे दुप्पट पैसे मी देत नाही. जिथून घ्याल तिथे एक गोष्ट लिहून घ्या: सवय झाली नाही तर काच बदलून मिळेल का, किती दिवसांत, आणि त्यातलं काय भरावं लागेल. तोंडी 'हो हो, काकू' चालत नाही, बिलावर हवं.

मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. दिवसभर मशीनवर, अंतर पस्तीस-चाळीस सेंटिमीटर, बाहेर जाणं बाजारापुरतं. त्यांनी माझा चष्मा घालून बघितला आणि लगेच हवा म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं. त्यांना मशीनसाठी जवळचा साधा चष्मा पुरे, अकरा हजारांची गरज नाही. आमचे हे बेस्टमधून निवृत्त झाले, दिवसभर बाहेर हिंडतात, कट्ट्यावर पेपर वाचतात, पत्ते खेळतात. त्यांच्यासाठी प्रोग्रेसिव्ह सांगून ठेवला आहे, माप काका घेणार. फक्त पत्ते हातात किती लांब धरतात ते या रविवारी मी टेपने मोजणार आहे. ते नको म्हणतायत.